खानदेशच्या वाटेवरचे काफिले

सुरतेहून धुळ्याकडे येणाऱ्या हमरस्त्यावर रात्रंदिवस मालमोटारींची जी रांग दिसते, तिचा पूर्वज बैल होय. सतराव्या शतकात हा मार्ग तापीच्या अंगाने जात असे. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा असे मुक्काम करीत प्रवासी बऱ्हाणपुरास पोहोचत व तेथून आग्र्याकडे वळत. 1615 साली इंग्रज वकील सर टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपुरास आला, तोही खानदेशातूनच.

एकट्याने निघण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे. जंगलात लुटारूंचे भय असे. म्हणून व्यापारी, नोकर, शिपाई व गाडीवान मिळून काफिला जमवीत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने हिशेबच देऊन ठेवला आहे. इभ्रतीने प्रवास करावयाचा, तर वीस-तीस हत्यारबंद माणसे हवीत, दरमहा चार रुपये पगाराची. बैलगाडीचे भाडे दररोज सुमारे एक रुपया, आणि सुरत ते आग्रा 35 ते 40 दिवस. मालाच्या शे-दोनशे गाड्या एकामागून एक चालत. प्रत्येकीस दहा-बारा बैल जुंपलेले, आणि गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांस दोर धरून चालणारे चार शिपाई. अरुंद वाटेत समोरून दुसरा तांडा आला, की दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे! अशा दगदगीतही या गृहस्थाने नवापूरच्या बारीक, कस्तुरीसारख्या वासाच्या तांदळाची तारीफ करावयाचे सोडले नाही.

धान्य व मीठ मात्र गाड्यांतून नव्हे, तर बहुधा वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. दहा-बारा हजार बैलांचे तांडे ताव्हेर्नियेने पाहिले होते. बायकामुले सर्व बरोबर, आणि चाल अगदी संथ. ही वाहतूक स्वस्त पडे, याचे कारण साधे आहे: बैल वाटेवरच्या गवतावर जगे, त्याच्या वैरणीस पैसा पडत नसे.

पण ज्या वर्षी पाऊस नाही, त्या वर्षी गवतही नाही. धान्याची निकड सर्वांत अधिक, नेमका तेव्हाच ते वाहणारा बैल लटका पडे. 1630 साली गुजरात व खानदेशात हेच झाले. त्या हिवाळ्यात इंग्रज व्यापारी पीटर मंडी काफिल्याबरोबर सुरतेहून निघाला. नंदुरबारास आला, तो प्रेतांमुळे लहानसा तंबू ठोकावयासही जागा सापडेना. पुढे बऱ्हाणपुरास मात्र शाहजहान बादशहाची छावणी होती, आणि लष्करासाठी येणाऱ्या धान्यामुळे तेथे टंचाई भासत नव्हती. नंतरच्या एका प्रवासात त्याला धान्याने लादलेल्या 14,000 बैलांचा तांडा भेटला. उत्तरेस धान्य होते, ते नेणारे हातही होते. परंतु बादशाही छावणीपलीकडे, उजाड पडलेल्या तापीकाठाने ते कोणी आणावे, आणि कोणाच्या पैशाने?

1860 नंतर खानदेशात आगगाडी आली. तिला गवत लागत नव्हते. वंजाऱ्यांचा लदणीचा धंदा हळूहळू बसला, बैल विकले गेले आणि तांडे एका जागी स्थिरावले. चाळीसगाव, जामनेर या तालुक्यांत ते आजही आहेत. वस्तीचे नावही तांडा असेच राहिले आहे. दिवाळी सरली, की त्यांतील कित्येक कुटुंबे भांडीकुंडी व लेकरे घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात, मालमोटारीत बसून.