बाक

सकाळी १०:३०. परिपाठ, हजेरी. पालघर जिल्ह्यातली आमची दोनशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडे एकत्र. भाताची लावणी चालू आहे, त्यामुळे उपस्थिती निम्मीच.

११:००. पाऊण तास फळ्याला हात नाही, नुसता कानांचा खेळ. ‘म’नं सुरू होणारे शब्द सांगा. मामा, मका, मासा. एकजण ओरडला, “बोका!” का रे? “मांजरच ना ते, बाई!” त्याचं चुकलं कुठे? अर्थ सोडून शब्दाच्या आवाजाकडे कान द्यायचा असतो, हेच त्याला नवं आहे.

११:४५. आता पहिलीची अक्षरं: क, म, ल, ब आणि सोबत काना. एवढ्यावर काका, मामा, लाल, काल, बाक, कमाल होतात. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत घोकायचं आणि मग मात्रांकडे वळायचं, हा क्रम मी कधीच सोडला. चौतीस व्यंजनं गुणिले बारा म्हणजे चारशेवर आकार. ते संपेपर्यंत मूल वाचायची वाट बघत बसणार का? फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरं गटागटानं, मात्रांसकट शिकवायची वाट केव्हाच घालून दिली.

दुसरीचं वेगळंच. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराआधी, ऐकू येते नंतर. ‘दिवा’पाशी एक पोरगा रोज ठेचकाळतो. म्हणून ‘दि’ तुकडे न पाडता अखंड ओळखायला देते.

१:३०. खिचडी. एका हातात पळी, दुसऱ्यात मोबाइल. जेवणाऱ्यांचा आकडा आजच भरायचा असतो.

२:१५. गोष्ट मोठ्यानं वाचते, मध्ये थांबून विचारते, आता काय होईल? उत्तरं वारलीतून येतात, येऊ देते. आमच्याच वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मुलांच्या वाचनाचा काही वर्षं अभ्यास झाला. २०१७ मध्ये अहवाल आला. वर्गात अक्षरांवर भर, अर्थाला जागा कमी, हे त्यात वाचलं तेव्हा माझाच जुना वर्ग डोळ्यांपुढे आला.

३:३०. एकेकाला जवळ बसवून वाचून घेणं. दिवसाला पाचच होतात, पण कोण कुठे अडलंय ते यातच कळतं. एक मुलगी न अडखळता वाचत गेली. काका. लाल. बाक.

“बाक म्हणजे काय गं?”

ती गप्प. शेजारचाही गप्प. मी वर्गभर नजर फिरवली. सगळे सतरंजीवर.

४:४५. एक आजी नातवाला न्यायला आली. “बाराखडी पाठ झाली का याची?” नाही म्हटलं तर मास्तरणीला येत नाही असं गावभर होणार. “वाचतो तो, आजी,” एवढंच म्हणाले.

५:००. टाचणवहीत उद्याचं लिहिलं: परिपाठ झाल्यावर सगळ्यांना घेऊन एसटी थांब्यावर. तिथं एक बाक आहे. एक पाय मोडलाय, पण बसता येतं.