प्रोग्रॅमची प्रमाणभाषा

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळच्या परिसरात अनेक घरांतून वारली किंवा कोकणा बोली चालते. त्याच घरचा माणूस कचेरीत अर्ज देतो तेव्हा शाळेतली मराठी लिहितो. घरची बोली उणी आहे म्हणून नव्हे. वाचणारा परका आहे म्हणून. संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारानेही हाच विवेक पाळावा, असे आम्हांस वाटते.

‘सी’ या प्रोग्रॅमच्या भाषेचे प्रमाण अमेरिकेत १९८९ साली व आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९० साली ठरले. भाषेचे नियम आणि तयार कामांचा संग्रह, म्हणजे लायब्ररी, ही दोन्ही त्यात आली. पण निरनिराळ्या निर्मात्यांनी आपापल्या सोयी तिला जोडल्या. त्या उपयोगी असतात आणि न मागता मिळतात. धोका आहे तो येथेच! आपण प्रमाणाबाहेर गेलो, हे लिहिणारास कळतही नाही.

यादी क्रमवार लावणारे ‘क्यूसॉर्ट’ प्रमाणात आहे. त्याचे वाढीव रूप ‘क्यूसॉर्ट-आर’ लिनक्सवर आले, फ्रीबीएसडीवरही आले. पण त्याला माहिती कोणत्या क्रमाने पुरवावयाची, हे दोन्हीकडे अनेक वर्षे निराळे होते. नाव एक, रीती दोन.

महाराष्ट्राने अशा गोष्टीची किंमत मोजली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी फॉन्टांचे संकेत कंपनीगणिक वेगळे असत. एका संगणकावरचा मजकूर दुसरीकडे उघडला की निरर्थक चिन्हे दिसत.

उपाय सोपा आहे. ‘जीसीसी’ हा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरविणारे साधन, काही न सांगता चालविल्यास वाढीव सोयी गृहीत धरतो. त्याला ‘सी१७’ हे प्रमाण नेमून दिले की लिनक्सच्या नेहमीच्या लायब्ररीतील प्रमाणाबाहेरची नावे दृष्टीआड होतात. ‘पेडँटिक-एरर्स’ ही आज्ञा जोडली की भाषेच्या नियमांचे पुष्कळसे भंगही चूक म्हणून पुढे येतात. सर्वच सापडतात असे नव्हे; म्हणून दुसऱ्या यंत्रावर प्रोग्रॅम चालवून पाहावाच. वाढीव सोय अगदी अडलीच, तर ती नाव घेऊन मागावी आणि एकाच फाईलीत ठेवावी.

समजा, उद्या सूर्यमाळच्या शाळेसाठी कोणी हजेरीचा प्रोग्रॅम लिहिला. दहा वर्षांनी तेथे निराळाच संगणक असेल, आणि लिहिणारा जवळ नसेल. त्या दिवशी मास्तरांचे काम अडू नये, एवढ्यासाठी आजची ही शिस्त.