गळ्यातले चार पहारेकरी

म्हातारपणी माणूस थोडा वाकतो, हे आपण पाहतोच. पण ऐन उमेदीत एखाद्याची उंची सात इंचांनी घटावी? चार्ल्स मार्टेल या अमेरिकन जहाजी कप्तानाच्या वाट्याला हे विलक्षण दुर्दैव आले. त्याची हाडे मोडत होती, मूत्रपिंडात खडे साचत होते आणि रक्तातले कॅल्शियम मात्र वाढलेले! हाडांतला हा ऐवज लुटणारा चोर होता तरी कोण?

आपल्या गळ्यात, थायरॉईड ग्रंथीच्या पाठीमागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या पॅराथायरॉईड. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा 1849 साली मेला. त्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना ही चिमुकली पिवळसर ग्रंथी प्रथम दिसली. माणसातल्या या ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी 1880 साली केले.

यांचे काम पहारेकऱ्याचे. आपल्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले शेकडा नव्याण्णव भाग हाडादातांत. रक्तात, दर शंभर मिलिलिटरमागे, अवघे नऊ-दहा मिलिग्रॅम! पण ते फार घटले, तर स्नायू आखडतात, झटके येतात. म्हणून ते जरा कमी होताच या ग्रंथी आपले हॉर्मोन रक्तात सोडतात. त्याच्या हुकमाने हाडे कॅल्शियम मोकळे करतात, मूत्रपिंडे ते वाया जाऊ देत नाहीत, आणि ड जीवनसत्त्व कामाला लागून आतडी अन्नातून जास्त कॅल्शियम शोषतात.

गंमत अशी, की स्वादुपिंडातल्या पेशींत कॅल्शियम शिरले म्हणजे इन्शुलिन बाहेर पडते. पॅराथायरॉईडचा कारभार नेमका उलटा! कॅल्शियम वाढले की हॉर्मोन बंद.

पण पेशीला हे कळते कसे? बोस्टनच्या एडवर्ड ब्राउन आणि स्टीव्हन हेबर्ट यांनी 1993 साली हे कोडे सोडवले. गाईच्या पॅराथायरॉईडमधला जनुकीय संदेश त्यांनी बेडकाच्या अंड्यांत घातला, आणि ती अंडीही कॅल्शियम ओळखू लागली! पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेले एक प्रथिन, हाच तो पहारेकऱ्याचा डोळा. त्याला बाहेरचे कॅल्शियम चिकटले, की आत इशारा जातो: 'पुरे!'

काही घराण्यांत हा डोळा जन्मतःच मंद असतो. रक्तात कॅल्शियम जास्त असूनही बहुतेकांना काही त्रास होत नाही. अशांवर शस्त्रक्रिया करणे व्यर्थच. उलट, मूत्रपिंडे निकामी झाल्याने ज्यांच्या ग्रंथी बेफाम होतात, त्यांच्यासाठी या डोळ्याला अधिक तीक्ष्ण करणारे सिनाकॅल्सेट हे औषध 2004 साली अमेरिकेत मंजूर झाले.

आणि आपला कप्तान? त्याच्या एका ग्रंथीची गाठ झाली होती. रक्तात कॅल्शियम पुरेसे असूनही ती हॉर्मोन ओततच राहिली. गळ्यात शोधून सापडेना. अखेर 1932 साली, सातव्या शस्त्रक्रियेत, ती छातीत सापडली! काही आठवड्यांतच बिचारा कप्तान गेला. पण त्याच्या दुखण्याने डॉक्टरांना शहाणे केले. आज मूतखडे वारंवार होऊ लागले, तर रक्तातले कॅल्शियम तपासून घेतात. साध्या तपासणीत चोर सापडतो, आणि वेळीच सापडला तर हाडे वाचतात.