न्यू-ओलेसुंद : उत्तर ध्रुवाजवळील संशोधन-वसाहतीत काय पाहावे, काय करावे

प्रस्तावना

ट्रॉम्बेच्या रहिवाशाला 'विज्ञानाची वसाहत' ही कल्पना नवी नाही. १९५६ साली 'अप्सरा' ही अणुभट्टी येथे कार्यान्वित झाली. येथील टेकडीचा व खाडीकाठाचा मोठा भाग आज सर्वसामान्यांसाठी बंद आहे. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहणाऱ्या कोळीवाड्यालाही भिंतीपलीकडचे काही पाहता येत नाही. ट्रॉम्बेपासून उत्तरेला जवळजवळ ६० अक्षांश ओलांडून गेले असता विज्ञानाची दुसरी एक वसाहत लागते. तिला भिंत नाही आणि तिच्या घरांना कुलपेही लावत नाहीत. असे असूनही तेथे पाहुण्याने काय करावे व काय करू नये याचे नियम अत्यंत काटेकोर आहेत. ही वसाहत म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुंद होय. भारताचे आर्क्टिकमधील संशोधन केंद्र 'हिमाद्री' येथेच आहे व त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. या वसाहतीतील प्रेक्षणीय गोष्टींचा परिचय करून देणे आणि तेथील निर्बंध कशासाठी आहेत हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्थान व प्रवास

स्पिट्सबर्गेन बेटाच्या वायव्य भागात कोंग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरून काढलेली व नंतर समुद्राने भरलेली खोल दरी. या खाडीच्या दक्षिण किनाऱ्यावर, सुमारे ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांशावर ही वसाहत वसली आहे. येथून उत्तर ध्रुव सुमारे १,२३० किलोमीटर अंतरावर राहतो. हिवाळ्यात येथे तीस-पस्तीस माणसे असतात, तर उन्हाळ्यात ती शंभराच्या वर जातात. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाही.

भारतीय प्रवाशाला ओस्लोमार्गे लाँगयिअरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य गावी जावे लागते. तेथून पुढे लहान विमान किंवा जहाज मिळते. स्वालबार्डसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र नॉर्वेतून जाणे-येणे अपरिहार्य असल्याने शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो व तो किमान दोन प्रवेशांचा असावा लागतो. हा तपशील लक्षात न घेतल्यास परतीचा प्रवास अडतो.

कोळशाचे गाव

या गावात पाहण्यासारखे जे आहे त्यातील बहुतेक कोळशाने मागे ठेवलेले आहे. नॉर्वेतील ओलेसुंद शहरातील व्यावसायिकांनी १९१६ साली येथे 'किंग्ज बे' ही खाण कंपनी स्थापन केली. 'न्यू' म्हणजे नवे, म्हणून हे नवे ओलेसुंद. बंदराजवळ उभे असलेले छोटे वाफेचे इंजिन व त्याच्या वाघिणी खाणीतला कोळसा धक्क्यापर्यंत वाहून नेत असत. गावात एक लहानसे संग्रहालय, जगातील सर्वात उत्तरेकडील म्हणून ओळखले जाणारे टपाल कार्यालय आणि रंगीत लाकडी घरांची एक रांग आहे. या रांगेतील काही घरांना 'लंडन' असे नाव आहे. ती मूळची समोरच्या ब्लोमस्ट्रांड येथील. अर्नेस्ट मॅन्सफिल्ड या इंग्रज उद्योजकाने तेथे १९११ च्या सुमारास संगमरवराची खाण काढली. गोठलेल्या अवस्थेत उत्तम दिसणारा तो दगड थंडी सरताच भुगा होऊ लागला व उद्योग बुडाला. पुढे त्याची घरे खाडीपलीकडे आणून वापरण्यात आली. ब्लोमस्ट्रांडची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या भूभागाला दीर्घकाळ द्वीपकल्प समजत असत, तो हिमनदी मागे हटल्यावर बेट असल्याचे उघड झाले. भूगोलाच्या अध्यापकाला वर्गात सांगण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

खाणकामाची किंमत मोठी होती. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी खाणीत झालेल्या स्फोटात २१ कामगार मृत्युमुखी पडले व त्यांतील काहींचे मृतदेह कधीच बाहेर काढता आले नाहीत. कंपनी सरकारी मालकीची असल्यामुळे सुरक्षिततेच्या हलगर्जीपणाचा प्रश्न नॉर्वेच्या संसदेत गेला. ऑगस्ट १९६३ मध्ये आइनार गेरहार्डसेन यांच्या मंत्रिमंडळाला अविश्वास ठरावाला सामोरे जाऊन पायउतार व्हावे लागले. जेमतेम महिनाभरात ते परत सत्तेवर आले, पण खाण पुन्हा सुरू झाली नाही. एका दुर्गम गावातील अपघाताने सरकार पडावे, ही घटना आपल्याकडील औद्योगिक अपघातांच्या इतिहासाशी ताडून पाहण्यासारखी आहे.

खाण बंद झाल्यावर कंपनी मात्र राहिली. आजही किंग्ज बे ही शासकीय कंपनीच गावाची घरे, वीज, पाणी, बंदर व भोजनगृह सांभाळते आणि निरनिराळ्या देशांच्या संस्थांना इमारती भाड्याने देते. हिमाद्री ही त्यांपैकीच एक.

मनोरा व वायुनौका

गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत लोखंडी कैच्यांचा एक उंच मनोरा उभा आहे. वायुनौका म्हणजे हायड्रोजनने भरलेले, इंजिनावर चालणारे प्रचंड फुगे. त्या बांधून ठेवण्यासाठी हा मनोरा १९२६ साली उभारण्यात आला. ११ मे १९२६ रोजी 'नॉर्गे' ही वायुनौका रोआल्ड अमुंडसेन, लिंकन एल्सवर्थ व तिचे रचनाकार उंबेर्तो नोबिले यांना घेऊन येथून निघाली. दुसऱ्या दिवशी ती ध्रुवावरून गेली आणि १४ मे रोजी अलास्कात उतरली. दोन वर्षांनी नोबिले 'इटालिया' घेऊन येथूनच ध्रुवावर गेले, परंतु परतताना २५ मे १९२८ रोजी ती बर्फावर कोसळली. त्यांच्या शोधासाठी विमानाने निघालेले अमुंडसेन जूनमध्ये कायमचे बेपत्ता झाले. गावाच्या मध्यभागी त्यांचा अर्धपुतळा आहे. इटलीच्या संशोधन केंद्राने आपल्या नावात त्या कोसळलेल्या वायुनौकेची स्मृती ठेवली आहे, हे विशेष.

निसर्ग

खाडीच्या टोकाला हिमनद्या थेट समुद्राला मिळतात. त्यांच्यामागे स्वेया, नोरा व डाना ही तीन शिखरे उभी आहेत. स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क या तीन राज्यांवरून ही नावे आली असून त्यांना एकत्रितपणे 'तीन मुकुट' म्हणतात. रेनडियर गावातच चरताना दिसतात, बार्नॅकल हंस पिलांसह रस्ता ओलांडतात, कोल्हे घरट्यांच्या शोधात हिंडतात. जून-जुलैत आर्क्टिक सुरय पक्षी घरट्याजवळ येणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतात. म्हणून डोक्याच्या वर काठी किंवा हात धरून चालण्याचा प्रघात आहे. हा पक्षी आपला दुसरा उन्हाळा अंटार्क्टिकाच्या समुद्रावर काढतो. मैत्री, भारती व हिमाद्री या भारताच्या तिन्ही केंद्रांच्या दिशांना जाऊन येणारा असा दुसरा प्रवासी शोधूनही सापडणार नाही.

ट्रॉम्बेच्या वाचकाला या प्रदेशाचे पाहुणे घराजवळही भेटतात. शिवडी ते ट्रॉम्बे या चिखलाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांच्या पायाशी जे चिमुकले पाणपक्षी टिपणी करीत फिरतात, त्यांतील छोटा टिलवा व कर्ल्यू सँडपायपर हे आर्क्टिक टुंड्रात वीण करून येथे आलेले असतात. ते येतात स्वालबार्डहून नव्हे, तर मुख्यतः सायबेरियाकडून, परंतु अधिवास त्याच पट्ट्यातला.

निर्बंध आणि त्यांची कारणे

जहाजाने येणाऱ्या पर्यटकाला काही तास मिळतात व त्याने आखलेल्या वाटेवरूनच फिरावयाचे असते. वाय-फाय व ब्लूटूथ बंद ठेवावे लागते. याचे कारण असे की येथील भूगणितीय वेधशाळेच्या अँटेना अतिदूरच्या क्वेसारांकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी टिपून पृथ्वीच्या परिवलनाचे व भूखंडांच्या सरकण्याचे मापन करतात. खिशातील एका उपकरणाचा गोंगाटही त्यांना पुरेसा आहे. गावामागच्या झेपेलिन डोंगरावर ४७४ मीटर उंचीवर हवेतील कार्बन डायऑक्साइड, मिथेन व सूक्ष्म कणांची मोजणी चालते. ही जागा निवडली गेली ती हवा स्वच्छ आहे म्हणून. म्हणजे जितके पाहुणे अधिक, जितकी जहाजे अधिक, तितकी ती निवड निरर्थक होत जाणार. पर्यटन वाढवण्याचा कोणताही विचार येथे या एका मुद्द्यापाशी अडतो, आणि अडावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९४५ पर्यंतच्या मानवी वास्तव्याचे सर्व अवशेष स्वालबार्डमध्ये कायद्याने संरक्षित आहेत. गंजलेला खिळादेखील उचलता येत नाही. ध्रुवीय अस्वलापासून २०२५ पासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. दारांना कुलूप नसण्याचे कारणही अस्वलच, कारण धावत आलेल्याला जवळचे कोणतेही दार उघडता यावे. आत शिरताच बूट काढून ठेवण्याची रीत मात्र खाणकामगारांच्या काळापासूनची. ती आपल्याला शिकवावी लागत नाही.

हिमाद्री व भारतीय अभ्यासक

स्वालबार्ड करारावर ९ फेब्रुवारी १९२० रोजी ज्या देशांच्या सह्या झाल्या, त्यांत ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून भारतही होता. प्रत्यक्षात पहिली भारतीय तुकडी येथे ऑगस्ट २००७ मध्ये पोहोचली व १ जुलै २००८ रोजी हिमाद्रीचे उद्घाटन झाले. २०१४ मध्ये कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात सुमारे १९० मीटर खोलीवर 'इंडआर्क' ही निरीक्षण-यंत्रणा बसवण्यात आली. अटलांटिकचे उबदार पाणी खाडीत केव्हा व किती शिरते, याची नोंद तापमान व क्षारता यांवरून होते. खाणकामगारांचे जुने स्नानगृह 'ग्रुव्हेबादेत' येथे २०१६ पासून भारताची वातावरण प्रयोगशाळा आहे. अंगावरची कोळशाची पूड जेथे धुतली जात असे, तेथे आता हवेतील काजळीचे कण मोजले जातात. डिसेंबर २०२३ पासून हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या. पहिल्या तुकडीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचाही सहभाग होता.

आर्क्टिकचे हवामान व भारतीय मोसमी पाऊस यांचा संबंध तपासणे, हे या कार्यक्रमाचे एक घोषित उद्दिष्ट आहे. तेथील तापमान गेल्या चार दशकांत जागतिक सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने वाढले, हे निरीक्षण आहे. त्याचा आपल्या पावसावर नेमका कोणता परिणाम होतो, हे अद्याप संशोधनाधीन आहे. वर्गात या दोन विधानांची सरमिसळ होते, ती टाळली पाहिजे.

या मोहिमांसाठी वास्को येथील केंद्र विद्यापीठे व संशोधन संस्थांकडून प्रस्ताव मागवते. केवळ प्रयोगशाळा संपन्न असलेल्यांनीच अर्ज करावा असे नाही. शैवाल, माती, सूक्ष्मजीव यांवर काम करणाऱ्या अध्यापकांचे विषयही तेथे बसतात. निवड झालेल्याने वसाहतीबाहेर काम करावयाचे तर बंदूक चालविणे शिकून घ्यावे लागते. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी याच केंद्राचे राष्ट्रीय ध्रुवीय विदा केंद्र आहे. तेथील नोंदी मिळवून त्या कुलाबा वेधशाळेच्या तापमान-नोंदींशेजारी मांडणे, हा पदवी वर्गासाठी एका सत्राचा प्रकल्प सहज होऊ शकतो.