मागील छिद्र आणि नेमबाजाचा डोळा

एअर रायफलीसाठी मागील साइट कशी निवडावी, हा प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे याचे कारण असे की, या निवडीत होणाऱ्या पुष्कळशा चुकांचे मूळ त्या साधनाविषयी बोलण्याच्या आपल्या पद्धतीत असते. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात अशी चूक महागही पडते. वस्तू हाताळून पाहावयाची तर येथील होतकरू नेमबाजाला पश्चिम रेल्वेने मुंबई गाठून वरळीच्या रेंजवर, नाहीतर त्याहून दूर पनवेलला किंवा पुण्यानजीक बालेवाडीला जावे लागते. तेवढी सवड नसली म्हणजे छापील वर्णनावरूनच मागणी नोंदविली जाते, आणि घरच्या तुटपुंज्या मिळकतीतून घेतलेली वस्तू डोळ्याला मानवली नाही, तर ती तशीच पडून राहते.

या खटाटोपामागील आकांक्षा मात्र अवास्तव नव्हे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे १० मीटर एअर रायफल प्रकारात जगज्जेता झाला. त्याचे वडील पालघर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक राहिलेले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या तीन-स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविले. या दोन्ही प्रकारांत रायफलीवर दुर्बीण लावण्यास नियमांची मनाई आहे. डोळ्यापाशी एक बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाशी एक कडे, एवढ्यावरच सारा नेम अवलंबून असतो.

प्रथम शब्दांचा विचार करू. नळी, दस्ता, चाप, घोडा ही बंदुकीच्या अवयवांची नावे मराठीत रुळलेली आहेत. नळीच्या टोकावरील खुणेला माशी म्हणतात. माशी हे नाव उघड्या साइटीच्या बंदुकीचे. तेथे मागे खाच, पुढे माशी आणि पलीकडे लक्ष्य अशा तीन वस्तू तीन निरनिराळ्या अंतरांवर असतात, आणि डोळा तर एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू स्पष्ट पाहू शकतो. खाचेच्या जागी छिद्र आले की या तिहींपैकी एक वस्तू पाहण्याचे कामच उरत नाही. छिद्राची कड अंधुक दिसली तरी बिघडत नाही, कारण त्यातून दिसणारे वर्तुळ डोळा सहजगत्या मध्यावर धरतो.

परंतु नवशिक्याला ‘भोकात बघ’ असे सांगितले, तर तो भोकाची कडच न्याहाळू लागतो. मराठीत हा भेद प्रत्ययांनी व शब्दयोगी अव्ययांनी नेमका दाखविता येतो : छिद्रातून पाहावयाचे, कड्याकडे पाहावयाचे आणि लक्ष्यावर नेम धरावयाचा. निवडीचे तत्त्वही यातूनच निघते. ज्यातून कडे आणि लक्ष्य ही दोन्ही पुरेशी स्पष्ट व पुरेशा उजेडात दिसतील, ते छिद्र योग्य होय.

‘छिद्र जितके लहान तितका नेम अचूक’ असा एक समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. लक्ष्यावरील काळा गोल ३०.५ मिलिमीटर व्यासाचा, त्याच्या मध्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो. कडे डोळ्यापासून सुमारे १ मीटरवर, तर लक्ष्य १० मीटरवर. अंशाच्या साठाव्या भागास एक कला म्हणतात. त्या मापाने काळा गोल सुमारे साडेदहा कलांचा दिसतो. डोळ्याची नजर कडे व लक्ष्य यांच्या दरम्यान स्थिरावली असे धरले, तर दोन्ही वस्तू किंचित अंधुक दिसतात आणि हा अंधुकपणा छिद्राच्या व्यासाच्या प्रमाणात असतो. १.२ मिलिमीटरच्या छिद्रात तो सुमारे २ कला भरतो. व्यास निम्मा केल्यास १ कला उरतो. येथवर तो समज खरा आहे.

मात्र अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. यास विवर्तन म्हणतात. त्याचे गणित उलटे आहे. १.२ मिलिमीटरला हा दोष सुमारे २ कला असतो, तर ०.६ मिलिमीटरला तो ४ कलांच्या जवळ जातो. शिवाय व्यास निम्मा झाला की आत येणारा उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. दोन्ही दोष समतोल राहतात ते १.२ मिलिमीटरच्या आसपास. म्हणून नवशिक्याने १ ते १.३ मिलिमीटरच्या दरम्यान आरंभ करावा. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होते व जवळचे कडे अंधुक दिसू लागते. अशा नेमबाजास थोडे लहान छिद्र उपकारक ठरते. तथापि कड्याच्या अंतराला जुळणारा चष्मा करून घेणे हा अधिक चांगला उपाय होय.

छिद्राचा व्यास कमीजास्त करता येणाऱ्या जोडणीस आयरिस म्हणतात. तिचा पल्ला साधारणतः ०.५ ते ३ मिलिमीटर असतो. जेथे सराव एकाच दिव्याखाली होतो, तेथे ठराविक मापाची चकती पुरते. पण पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये सराव करणाऱ्यास आषाढातील काळोखी आणि मार्गशीर्षातील लख्ख ऊन यांना एकच माप पुरत नाही. त्याने आयरिसवर केलेला खर्च वाया जात नाही.

यानंतर पाहावयाचे ते फिरकीचे स्क्रू. समजा, एका क्लिकने छिद्र ०.०२ मिलिमीटर सरकते आणि छिद्र व कडे यांत ८० सेंटिमीटर अंतर आहे. तर १० मीटरवर छर्रा पाव मिलिमीटर सरकतो. छर्रा ज्या दिशेस जावयास हवा, त्याच दिशेस मागील छिद्र सरकवावयाचे असते. परीक्षा सोपी आहे : दहा क्लिक डावीकडे आणि दहा उजवीकडे फिरविल्यावर गोळ्यांचा समूह मूळ ठिकाणी परत यावयास हवा. तो येत नसेल, तर स्क्रूत ढिलाई आहे असे समजावे.

चौथी गोष्ट बैठकीची. बहुतेक मागील साइटी ११ मिलिमीटरच्या खोबणीवर बसतात. आपल्या रायफलीला तशी खोबण आहे काय, हे मागणीपूर्वी मोजून घ्यावे. नळी मोडून भरावयाच्या स्प्रिंगच्या रायफलीत पुढील माशी नळीवर, तर मागील साइट मागच्या धडावर बसते. सांधा ढिला असेल, तर कितीही मौल्यवान साइट व्यर्थ आहे. स्प्रिंगच्या धक्क्याने साइट मागे घसरते, म्हणून तिला रोधक स्क्रू असावा, आणि डोळा पुरेसा मागे राहावा. शिवाय मागचे छिद्र मूळच्या खाचेपेक्षा उंच बसले, तर पुढील खूणही तितकीच उंच करावी लागते. नपेक्षा छर्रे लक्ष्याच्या वर जातात. शक्य झाल्यास माशी काढून तेथे कडे बसवावे. काळ्या गोलाभोवती पांढरी फट स्पष्ट राहील इतके ते मोठे असावे.

समुद्रकाठच्या खाऱ्या व दमट हवेत पोलादी स्क्रू लवकर गंजतात. सरावानंतर साइट कोरड्या फडक्याने पुसून स्क्रूंना पातळ तेलाचा हलका हात द्यावा. छिद्रात तेल जाऊ देऊ नये.

खरेदीपूर्वी एक स्वस्त प्रयोग करता येतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथचे काम करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून पितळेच्या पातळ चकत्यांत १, १.२ व १.५ मिलिमीटरची छिद्रे पाडून घ्यावीत. चकती डोळ्यापुढे धरून १ मीटरवरील तारेचे कडे आणि १० मीटरवरील काळा गोल एकाच वेळी पाहावा. यास रायफल लागत नाही. सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली अशा तिन्ही वेळी कोणती चकती मानवते, याची नोंद ठेवावी. तिन्ही वेळी एकच चकती पुरली, तर आयरिसचा खर्च वाचला.

या परिसरात नेमबाजी शिकविणारे कोणते शब्द वापरतात, तेही या निमित्ताने टिपून ठेवण्यासारखे आहे. इंग्रजी नावे रूढ झाली आहेत आणि ती राहोत. पण छिद्राच्या संदर्भात ‘आत’ म्हणावे की ‘तून’, हे शिकविणाऱ्याने मराठीतच ठरवावयाचे आहे.