डोळा न मारता भिडूशी बोलायचे कसे?

मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट खेळलेल्या कोणालाही भिडूच्या खाणाखुणा नव्याने सांगायला नकोत. कानाची पाळी ओढली की बदाम, नाक खाजवले की इस्पिक, खोकला आला की हुकूम संपला! समोरच्या जोडीच्या हे लक्षात आले की डाव मोडतो आणि भांडण सुरू होते. या भांडणाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. माझ्या हातात काय आहे हे भिडूला कळले तर दोघांचाही फायदा. पण पाने त्याला दाखवायची मुभा नाही. मग माहिती पोचवायची कशी?

काँट्रॅक्ट ब्रिज या खेळाने या प्रश्नाला फार सुंदर उत्तर दिले आहे. ब्रिजमध्ये माहिती पोचवायला बंदी नाही, बंदी आहे ती आडमार्गांवर. दोनच मार्ग खुले आहेत : तुम्ही केलेली बोली आणि तुम्ही टाकलेले पान. हे दोन्ही चारही खेळाडूंच्या डोळ्यांदेखत घडते. एवढ्या अरुंद वाटेने किती माहिती नेता येते, हे समजून घेणे म्हणजे संभाव्यता आणि माहितीशास्त्र यांचा एक छान पाठच आहे.

अडतीस शब्दांची भाषा

ब्रिजमध्ये चार खेळाडू असतात. उत्तर-दक्षिण ही एक जोडी, पूर्व-पश्चिम ही दुसरी. बावन्न पाने प्रत्येकी तेरा वाटली जातात. अशा वाटपाचे प्रकार किती? ५३६ लिहून त्यापुढे २६ शून्ये द्या, साधारण तेवढे! म्हणजे नीट पिसलेल्या पानांचा तोच डाव आयुष्यात पुन्हा समोर येईल ही आशा सोडलेलीच बरी. पाठांतर येथे उपयोगाचे नाही, विचारच करावा लागतो.

खेळाआधी लिलाव होतो. प्रत्येक बोली सांगते की आम्ही सहाहून वर किती हात करू आणि कोणत्या हुकमात. हातांचे आकडे १ ते ७. आणि किलवर, चौकट, बदाम, इस्पिक व बिनहुकमी म्हणजेच नो ट्रम्प असे पाच पर्याय. सात गुणिले पाच, एकूण ३५ बोली. त्यात पास, डबल आणि रिडबल मिळवले की भाषेतले शब्द झाले ३८. प्रत्येक बोली आधीच्या बोलीहून वरची हवी. म्हणून येथे बोली हे निवेदनही असते आणि वचनही. जास्त बोलाल तेवढे जास्त हात करून दाखवावे लागतात. फुकटची बडबड परवडत नाही.

आजच्या गुणपद्धतीचा पाया अमेरिकेतील हॅरॉल्ड वँडरबिल्ट यांनी १९२५ साली, पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवरच्या प्रवासात घातला. वचन दिलेल्याच हातांचे मोठे बक्षीस, आणि वचन मोडले तर दंड, हे त्याचे सूत्र. त्यामुळेच भिडूच्या पानांचा अंदाज घेण्याला एवढी किंमत आली.

अंदाजासाठी सोपे माप आहे : एक्क्याला ४ गुण, राजाला ३, राणीला २, गुलामाला १. संपूर्ण जोडात ४० गुण होतात. ‘दोन बिनहुकमी’ ही सुरुवातीची बोली बहुतेक जोड्यांमध्ये २० ते २१ गुण आणि सारखी पसरलेली पाने दर्शवते. म्हणजे कोणत्याही रंगाचे एकच पान नाही किंवा मुळीच पान नाही असे नसते. दोन शब्दांत केवढी माहिती!

एक डाव पाहू

समजा, दक्षिणेने ‘दोन बिनहुकमी’ म्हटले, उत्तरेने ते ‘तीन बिनहुकमी’वर नेले आणि बाकी सर्वांनी पास म्हटले. आता दक्षिणेला १३ पैकी ९ हात करायचे आहेत. दक्षिण हा डिक्लेअरर. पश्चिमेने इस्पिकची उतारी केली. नियमाप्रमाणे उत्तरेची पाने ‘डमी’ म्हणून टेबलावर उघडी पडली. त्यांत चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि पंजी आहे. बाकी आठही पाने नव्वीपेक्षा मोठी नाहीत.

आपण पूर्वेच्या जागी बसू. आपल्याकडे चौकटचा एक्का, सत्ती आणि चव्वी आहे, आणि एकंदर गुण ९. डमीचे गुण ६, दक्षिणेचे २० किंवा २१. म्हणजे ४० मधून उरतात ते पश्चिमेचे : ४ किंवा ५. भिडूने तोंडातून चकार शब्द काढलेला नाही, तरी त्याच्या ताकदीचा आपल्याला पत्ता लागला.

पहिला हात दक्षिणेने घेतला आणि चौकटची दुर्री उतरली. पश्चिमेने एक पान टाकले, डमीतून दश्शी पडली. आता आपण काय करावे? लगेच एक्का मारला तर डमीतली उरलेली चारही चौकटची पाने पुढे हात करतील, कारण दक्षिणेकडे डमीत जाण्यासाठी चौकटचे आणखी पान असणारच. म्हणून एक्का राखून ठेवायचा. पण किती वेळ?

नियम सोपा आहे : दक्षिणेचे चौकटचे शेवटचे पान पडेल, नेमक्या त्या हाताला एक्का मारायचा. मग दक्षिणेकडून डमीत जायला वाट उरत नाही आणि तिथली राजेशाही पाने नुसती पडून राहतात. अडचण एवढीच की दक्षिणेकडे चौकटची पाने किती, हे आपल्याला दिसत नाही. आपली तीन आणि डमीतली पाच सोडून उरलेली पाच पाने (नव्वी, अठ्ठी, छक्की, तिर्री, दुर्री) पश्चिम आणि दक्षिण यांच्यात वाटलेली आहेत.

हिशेब असा मांडता येतो.

दक्षिणेकडे दोन पाने असतील, तर : दुसऱ्या फेरीत एक्का मारल्यास त्यांना चौकटचा १ हात, तिसऱ्या फेरीत मारल्यास २ हात.

दक्षिणेकडे तीन पाने असतील, तर : दुसऱ्या फेरीत एक्का मारल्यास ४ हात, तिसऱ्या फेरीत मारल्यास २ हात.

दक्षिणेकडे चार पाने असतील, तर आपण कधीही एक्का मारला तरी ४ हात जाणारच. ज्या शक्यतेत आपल्या निर्णयाने काही फरक पडत नाही, ती विचारातून काढून टाकावी, हा निर्णयशास्त्रातला एक मोलाचा धडा!

आता उरलेल्या दोन शक्यता. निव्वळ वाटपाच्या गणिताने पश्चिमेकडे तीन आणि दक्षिणेकडे दोन पाने असण्याची संभाव्यता ३३.९ टक्के, आणि उलट असण्याचीही ३३.९ टक्केच. म्हणजे नाणे उडवण्यासारखीच गोष्ट. शिवाय दुसऱ्या फेरीची उतारी डमीतून होणार. त्या वेळी आपल्याला पश्चिमेच्या आधी पान टाकावे लागेल. म्हणजे पश्चिमेचे पहिले पान हाच काय तो आधार.

एका पानाचा निरोप

बचाव करणाऱ्या जोड्यांमध्ये एक जुना संकेत आहे. पाने सम संख्येत असतील तर आधी मोठे पान टाकायचे, मग लहान. विषम असतील तर आधी लहान, मग मोठे. पश्चिमेला तो हात जिंकायचा नसतोच. मग जे किरकोळ पान टाकायचे त्यातूनच निरोप द्यायचा.

पश्चिमेने अठ्ठी टाकली असे समजा. तीन पानांतले सर्वांत लहान पान अठ्ठी असेल का? नाही, कारण तिच्याहून मोठे, न दिसलेले असे एकच पान उरते, नव्वी. म्हणजे पश्चिमेकडे दोनच पाने, दक्षिणेकडे तीन. एक्का तिसऱ्या फेरीपर्यंत राखायचा. पश्चिमेने तिर्री टाकली, तर बहुधा त्याच्याकडे तीन पाने आहेत. एक्का दुसऱ्याच फेरीत मारायचा. दोन सारख्या शक्यतांमधला संशय ज्याने फिटतो, तेवढ्या माहितीला ‘एक बिट’ म्हणतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे जे गणित मांडले, त्याचे हे एकक. आपल्या भिडूने एका क्षुल्लक पानातून आपल्याला बरोबर एक बिट पाठवला.

आणि छक्की पडली तर? ती छक्की-तिर्री या दोनांतली मोठी असेल किंवा नव्वी-अठ्ठी-छक्की या तिनांतली लहान. निरोप अस्पष्ट आला! दोन्ही शक्यता सारख्याच आहेत. अशा वेळी चुकीची किंमत पाहावी. घाईने एक्का मारून चुकलो तर दोन हातांचे नुकसान (२ ऐवजी ४). उशीर करून चुकलो तर एकाच हाताचे (१ ऐवजी २). म्हणून थांबावे. कधीकधी हा निर्णय फसेल. डाव हरल्यावर भिडू वैतागेलही. पण निर्णय चांगला की वाईट हे त्या वेळी हाती असलेल्या माहितीवरून ठरवायचे असते, नंतर उघड झालेल्या पानांवरून नव्हे.

खरे सांगावे की खोटे?

आपला निरोप शत्रूही वाचतो, ही यातली खरी मेख. वरच्या डावात त्याने बिघडत नाही; आपली चौकटची पाने किती हे दक्षिणेला ठाऊकच असते. पण एखादी राणी कोणाकडे आहे या पेचात डिक्लेअरर असेल, तर आपले प्रामाणिक पान त्यालाच वाट दाखवील. म्हणून जाणते खेळाडू प्रत्येक पानाला विचारतात : या माहितीची गरज कोणाला जास्त, भिडूला की शत्रूला? भिडूला असेल तर खरे सांगायचे. नसेल तर वाटेल ते पान टाकून निरोपच पुसून टाकायचा. ही लबाडी नव्हे, कारण नियम एवढेच सांगतो की तुमच्या जोडीचे संकेत प्रतिस्पर्ध्यांना ठाऊक असले पाहिजेत. त्यांनी विचारले तर त्यांचा अर्थ सांगावाच लागतो. गुप्त लिपी चालत नाही.

मोह मात्र मोठ्यांनाही सुटत नाही. १९७५ च्या जागतिक स्पर्धेत भिडूंनी एकमेकांना पाहू नये म्हणून टेबलावर आडपडदा लावला होता. तिथे टेबलाखालून पायांनी खुणा होत असल्याचा आरोप झाला आणि पुढे पडदा खालीही न्यावा लागला. २०१५ साली इतर खेळाडूंनी सामन्यांच्या चित्रफिती तपासल्या तेव्हा दिसले, की युरोपातल्या स्पर्धांत गाजलेली एक जोडी, पाने ठेवायची पाटी टेबलावर कुठे ठेवायची यातून कोणती उतारी करावी ते सुचवत होती. २०१६ मध्ये युरोपीय संघटनेने त्यांना दोषी ठरवले. मेंढीकोटातले नाक खाजवणे आणि हे, तत्त्वतः एकच.

यंत्रांचे काय? मार्च २०२२ मध्ये पॅरिसला ‘नूक’ या संगणकप्रणालीने आठ जगज्जेत्यांना मागे टाकले. ८० पैकी ६७ फेऱ्या तिने जिंकल्या. पण त्या स्पर्धेत फक्त डिक्लेअररचा खेळ होता. बोली आणि बचाव, म्हणजे भिडूशी संवाद साधण्याचा भाग, वगळलेला होता. भिडूच्या मनात काय आहे हे ओळखणे हाच या खेळाचा अवघड भाग, हे यावरून ध्यानात यावे. आपल्याकडेही हा खेळ रुजलेला आहे : २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन व शिवनाथ दे सरकार यांनी पुरुष जोडीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

शाळेत पत्ते आणायला संकोच वाटत असेल, तर कागदाच्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहूनही हा प्रयोग होतो. २, ३, ६, ८, ९ अशा पाच चिठ्ठ्या पिसून दोन विद्यार्थ्यांना कधी तीन-दोन, कधी दोन-तीन वाटा. दुसऱ्याने आपली सर्वांत लहान चिठ्ठी उघडावी. पहिल्याने वरच्या संकेताप्रमाणे एकच चिठ्ठी दाखवावी. आणि त्याच्याकडे किती चिठ्ठ्या आहेत ते तिसऱ्याने ओळखावे. वीस वेळा करून किती बरोबर आली ते फळ्यावर मांडा. मग संकेत न ठरवता तेच वीस वेळा करा. दोन आकड्यांमधला फरक, म्हणजे आधी उघडपणे ठरवलेल्या भाषेची किंमत.