'एक्स्पोनेन्शियल ग्रोथ' : शब्द वापरण्याआधी हिसाब करा

आपल्या व्यापारी पत्रव्यवहारात इंग्रजी शब्दांची आवक गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. दुकानाचे माहितीपत्रक असो, परगावच्या पार्टीला पाठवायचे पत्र असो किंवा बँकेत द्यायचा प्रोजेक्ट रिपोर्ट असो, त्यात एक वाक्य हमखास सापडते: 'अवर बिझनेस इज ग्रोइंग एक्स्पोनेन्शियली.' 2020 साली कोरोनाच्या बातम्यांतून 'एक्स्पोनेन्शियल' हा शब्द घराघरात पोहोचला आणि तेव्हापासून तर त्याला ऊत आला आहे. लिहिणाऱ्याला एवढेच सांगायचे असते की धंदा झपाट्याने वाढतो आहे. पण या शब्दाचा अर्थ 'झपाट्याने' असा नाही.

यात एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. कापडाच्या व्यापाऱ्याला हे समजावणे सोपे आहे. वार आणि मीटर ही दोन्ही लांबीचीच मापे आहेत, पण 100 वार म्हणजे 91.44 मीटर. भाव मीटरचा ठरवून माल वाराने मोजला तर साडेआठ मीटरचा फरक पडतो आणि तंटा उभा राहतो. 'एक्स्पोनेन्शियल' हाही मापाचा शब्द आहे. समोरचा माणूस मापाने ऐकणारा असेल तर तो लगेच हिशेबाची वही मागतो.

शब्दाचा अर्थ काय?

इंग्रजीत 'एक्स्पोनंट' म्हणजे घातांक. मायकेल स्टिफेल या जर्मन गणितज्ञाने 1544 साली आपल्या लॅटिन ग्रंथात हा शब्द वापरला. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलेल्यांना तो 'कुव्वतनुमा' या नावाने आठवत असेल. संख्येच्या डोक्यावर उजवीकडे लिहिलेला तो लहान आकडा. 2 च्या डोक्यावर 5 असेल तर 2 ला 2 ने पाच वेळा मांडून गुणायचे, उत्तर 32.

तेव्हा 'एक्स्पोनेन्शियल ग्रोथ' म्हणजे अशी वाढ, जी दर मुदतीला त्याच पटीने होते. मूळ रकमेत ठरावीक भर पडत नाही, तर जेवढे जमले आहे त्या सगळ्यावर वाढ होते आणि त्या वाढीवर पुन्हा वाढ होते. मराठीत याला उत्तम शब्द आहे, चक्रवाढ. उर्दूत 'सूद दर सूद' म्हणतात. सुदाच्या बाबतीत आपली भूमिका काय आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पण हिसाब सुदाचा असो, लोकसंख्येचा असो की रोगाच्या साथीचा, त्याची चाल एकच असते आणि ती ओळखता आली पाहिजे.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट

ही चाल समजावून सांगणारी एक जुनी गोष्ट तेराव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्लिकान यांनी आपल्या चरित्रकोशात नोंदवली आहे. बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्या हिंदी पंडिताला बादशहाने बक्षीस मागायला सांगितले. त्याने पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे 64 घरांपर्यंत दुप्पट करत दाणे मागितले. बादशहाला ही मागणी क्षुल्लक वाटली. त्याच्याही दोनशे वर्षांपूर्वी अल-बिरूनी यांनी या बेरजेचा आकडा काढून ठेवला होता: 1,84,46,74,40,73,70,95,51,615 दाणे.

हजार दाण्यांचे वजन 40 ग्रॅम धरले तर अर्ध्या पटापर्यंत, म्हणजे 32 घरांपर्यंत, सुमारे 172 टन गहू लागतो. एखादा मोठा आडत्या एवढा माल सहज पुरवील. पण पूर्ण पटासाठी 73 हजार कोटी टनांहून जास्त गहू लागतो. आज जगात वर्षाला 80 कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो. म्हणजे सगळ्या जगाचे नऊशे वर्षांचे पीक! चक्रवाढीची वाढ सुरुवातीला नजरेत भरत नाही आणि पुढे कोणाच्याही आवाक्यात राहत नाही.

दोन दुकानांचा हिसाब

समजा, दोन दुकाने आहेत. दोघांचीही उलाढाल वर्षाला 10 लाख. पहिल्या दुकानाची उलाढाल दरवर्षी 3 लाखांनी वाढते. दुसऱ्याची दरवर्षी 20 टक्क्यांनी वाढते.

पहिल्याचे आकडे असे: 13, 16, 19, 22, 25 लाख. दुसऱ्याचे असे: 12, 14.40, 17.28, 20.74, 24.88 लाख. म्हणजे पाच वर्षे पहिलाच दुकानदार पुढे आहे. सहाव्या वर्षी पहिला 28 लाखांवर आणि दुसरा 29.86 लाखांवर. दहाव्या वर्षी पहिला 40 लाखांवर, तर दुसरा जवळजवळ 62 लाखांवर.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, पहिल्या पाच वर्षांत जास्त वेगाने वाढलेल्या दुकानाची वाढ एक्स्पोनेन्शियल नव्हती. ती सरळ वाढ होती, इंग्रजीत तिला 'लिनिअर' म्हणतात. दोन, मागे राहिलेल्याची वाढ मात्र एक्स्पोनेन्शियल होती. तेव्हा हा शब्द वेगाचा नसून वाढीच्या पद्धतीचा आहे. वर्षाला 2 टक्क्यांनी वाढणारी गोष्टही एक्स्पोनेन्शियलच वाढते, फक्त तिला दुप्पट व्हायला 35 वर्षे लागतात.

दुप्पट व्हायला किती काळ लागेल हे तोंडी काढायची एक युक्ती जुन्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. 72 ला टक्क्यांच्या दराने भागावे. दर 6 असेल तर 12 वर्षे, 12 असेल तर 6 वर्षे, 24 असेल तर 3 वर्षे. हा नियम लुका पाचोली या इटालियन विद्वानाच्या 1494 सालच्या पुस्तकात आहे. दुहेरी नोंदीची हिशेबपद्धतही त्याच पुस्तकात छापली गेली होती.

गल्ल्यावरच्या क्यूआर कोडचे उदाहरण

खऱ्या व्यवहारातले उदाहरण पाहायचे तर यूपीआयचे पाहावे. 2016 साली सुरू झालेली ही सोय आज चहाच्या टपरीवरही आहे. 2017-18 या वर्षात तिच्यावर सुमारे 92 कोटी व्यवहार झाले. पुढच्या वर्षांचे आकडे साधारण असे: 535 कोटी, 1,252 कोटी, 2,233 कोटी, 4,597 कोटी, 8,375 कोटी, 13,116 कोटी आणि 2024-25 मध्ये 18,587 कोटी.

आता दरवर्षीची पट काढा. पहिल्या वर्षी 5.8 पट, मग 2.3, मग 1.8, 2.1, 1.8, नंतर 1.6 आणि शेवटी 1.4. मधली तीन वर्षे पट दोनच्या आसपास टिकून होती. त्या काळाला 'एक्स्पोनेन्शियल ग्रोथ' म्हणणे योग्यच आहे. नंतरच्या वर्षांत व्यवहार भरपूर वाढले, पण पट उतरत गेली. त्याला 'रॅपिड ग्रोथ' म्हणावे. देशात सर्वांत यशस्वी ठरलेल्या सोयीला जर हा शब्द कायम लागू पडत नाही, तर आपल्या एका सीझनच्या विक्रीला तो लावण्याआधी विचार करायला हवा.

माग आणि हात चक्रवाढीने वाढत नाहीत

आपल्यापैकी बरेच जण यंत्रमाग, जरीकाम, भरतकाम, शिलाई या धंद्यांत आहेत. येथे वाढ कशी होते? एक माग दिवसाला जेवढे मीटर कापड देतो तेवढेच देणार. 12 मागांचे 24 झाले तर कापड दुप्पट होईल, पण त्यासाठी शेड, वीज, सूत आणि कारागीर हेही दुप्पट लागतील. माग आपोआप मागाला जन्म देत नाही. सुई धरणाऱ्या हाताचेही तेच. हाताच्या कामाची वाढ सरळ असते, पायरी-पायरीने असते आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

म्हणूनच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कोणी 'दरवर्षी 40 टक्के' असे पाच वर्षांसाठी लिहून दिले तर त्यावर डोळे मिटून सही करू नये. 40 टक्क्यांनी पाच वर्षांत उलाढाल 5.4 पट होते. तेवढे सूत उधारीवर कोण देणार? तेवढे गिऱ्हाईक कोठून येणार? उधारीत अडकणारी रक्कमही त्याच पटीने वाढेल, तिचे काय? रिपोर्ट लिहिणारा आपली फी घेऊन जातो. विक्री कागदावरच राहिली तरी हप्ता मात्र दरमहा भरावा लागतो आणि शेवटी तारण ठेवलेले घर किंवा दुकान पणाला लागते.

या शब्दाआड लपलेला धोका

सर्वांत मोठे नुकसान होते ते दामदुप्पट योजनांत. 1920 साली अमेरिकेत बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी याने 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचे आमिष दाखवले. 45 दिवसांच्या आठ मुदती धरल्या तर वर्षभरात पैसा पंचवीस पटींहून जास्त व्हायला हवा. असा कोणता व्यापार आहे? नव्या लोकांचे पैसे जुन्यांना देणे एवढाच त्याचा धंदा होता आणि तो त्याच वर्षी उघडा पडला.

आपल्याकडे दरमहा 10 टक्के देऊ म्हणणारे कमी नाहीत. हिसाब करा. 10 टक्के दरमहा म्हणजे वर्षात 3.1 पट आणि पाच वर्षांत 300 पटींहून जास्त. एक लाखाचे तीन कोटी! बंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी ही कंपनी 'हलाल गुंतवणूक' या नावाने पैसे घेत होती. जून 2019 मध्ये ती कोसळली आणि हजारो ठेवीदारांनी पोलिसांत तक्रारी केल्या. त्यांत बहुसंख्य मुस्लिम होते. कोणाच्या मुलीच्या लग्नाचे पैसे होते, कोणाची निवृत्तीची पुंजी होती. हलाल शब्दाने विश्वास बसतो, पण 72 ला दराने भागण्याचे काम प्रत्येकाने स्वतःच करायचे असते.

साखळी योजनांचेही तेच. 'तुम्ही फक्त सहा जण आणा' असे सांगतात. सहाचे 36, मग 216, 1,296, 7,776, 46,656. सातव्या पायरीला 2,79,936 आणि आठव्या पायरीला जवळजवळ 17 लाख माणसे लागतात. मालेगावसारखे संपूर्ण शहर आठव्या पायरीलाच संपते. बाराव्या पायरीला 217 कोटी लागतात, म्हणजे सारा देशही अपुरा पडतो. शेवटच्या पायरीवरचे लोक नेहमीच सर्वांत जास्त असतात आणि बुडतात तेच. म्हणूनच 1978 च्या कायद्याने अशा पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी आहे. बेकायदा ठेवी गोळा करण्याविरुद्ध 2019 मध्ये वेगळा कायदाही झाला आहे.

मग लिहावे कसे?

इंग्रजीत पत्र लिहिताना किंवा लिहून घेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1) 'एक्स्पोनेन्शियल ग्रोथ' हे तेव्हाच लिहावे, जेव्हा निदान चार-पाच वर्षांचे आकडे हातात आहेत आणि दरवर्षीची पट जवळपास सारखी आहे. दोन वर्षांच्या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही.

2) 'ग्रोइंग एक्स्पोनेन्शियल' हे व्याकरणाने चुकीचे आहे. 'ग्रोइंग एक्स्पोनेन्शियली' किंवा 'एक्स्पोनेन्शियल ग्रोथ' असे म्हणावे.

3) नुसते 'झपाट्याने' म्हणायचे असेल तर 'रॅपिड ग्रोथ' पुरे. सावकाश पण खात्रीची वाढ असेल तर 'स्टेडी ग्रोथ' लिहावे. जाणकार गिऱ्हाइकाला हाच शब्द जास्त भरवशाचा वाटतो.

4) 'लीप्स अँड बाऊंड्स' हा वाक्प्रचार वापरायचा तर आधी 'बाय' हवे: 'ग्रोइंग बाय लीप्स अँड बाऊंड्स'. आपल्याकडे 'बाय' गाळतात किंवा 'विथ' लावतात. ते चूक आहे.

5) टक्के आणि पट यांत गल्लत करू नये. 10 लाखांचे 30 लाख झाले तर उलाढाल तिप्पट झाली, पण वाढ 200 टक्के झाली, 300 नव्हे.

6) शक्य असेल तेथे विशेषण गाळून आकडा द्यावा. 'तीन वर्षांत उलाढाल 18 लाखांवरून 27 लाखांवर गेली' या वाक्यापुढे कोणत्याही मोठ्या इंग्रजी शब्दाची गरज उरत नाही.

कोणाचा धंदा भरभराटीला यावा म्हणून आपण 'दिन दूनी रात चौगुनी तरक्की' अशी दुआ देतो. दुआ म्हणून ती जरूर द्यावी. पण खतावणीत, पत्रात आणि प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मात्र जेवढे झाले तेवढेच लिहावे. बाजारात व्यापाऱ्याची पत त्याच्या बोलण्याच्या मापावर ठरते. ज्याचे 'एक मीटर' हे शंभर सेंटीमीटर भरते, त्याच्या 'ग्रोथ'वरही लोक विश्वास ठेवतात.